फोन आधी कोणी ठेवायचा

गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती. ज्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली तिथे आता चपलांचं दुकान होतं, आणि ज्या बोर्डासमोर त्या बसत तो बोर्ड केव्हाच भंगारात गेला होता. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला त्यांच्या कपड्यांच्या गठ्ठ्यावर नुसतं ‘हॅलो’ असं लिहून ठेवायचा. बाईंना त्याचा राग यायचा नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, खिडकीत चार कुंड्या आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला थोरली बहीण, एवढा त्यांचा संसार. ताई चार वर्षांनी मोठ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा-सुनेजवळ राहत. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला ताईंचा फोन यायचा. भाजी काय केली इथपासून सून काय म्हणाली इथपर्यंत सगळं बोलून व्हायचं, आणि मग एक ठरलेलं भांडण.

“ठेव गं आता, धाकटे.”

“तू ठेव.”

“बत्तीस वर्षांची नोकरी सुटली, पण खोड सुटली नाही तुझी,” असं म्हणून ताईच फोन ठेवायच्या.

ही खोड नव्हती, हे बाईंनी ताईंना शंभरदा सांगितलं असेल. तो नियम होता. बोर्डावर नोकरीला लागल्यावर पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे त्यांच्या सुपरवायझरने, दोन नियम सांगितले होते. एक, लाइनवर जे कानावर पडेल ते कानातच राहील, घरी आई विचारेल तरी तोंडाला कुलूप. दोन, बोलणाऱ्या दोघांनी फोन ठेवला की बोर्डावर दोन दिवे लागतात. ते दोन्ही दिवे लागल्याशिवाय दोघांना जोडणारी दोरी बोर्डातून उपटायची नाही. एक जरी दिवा लागायचा राहिला असेल तरी तिकडे कुणीतरी अजून फोन धरून बसलंय असं समजायचं.

पहिला नियम बाईंना लगेच पटला. दुसरा पटायला एक चूक करावी लागली. नवीन असताना एकदा घाईत त्यांनी एकच दिवा बघून दोरी उपटली. पलीकडे एक माणूस इस्पितळाशी बोलत होता, डॉक्टर चुकून फोन जागेवर ठेवून कागद आणायला गेले होते म्हणून तो नुसताच थांबला होता. त्याला पुन्हा लाइन मिळायला पाऊण तास लागला. तेवढ्यात त्याचे वडील गेले. तो फोनवर असता तर ते वाचले असते असं काही नाही, पण त्या माणसाने नंतर एक्स्चेंजला येऊन फक्त एवढंच विचारलं, “कुणी कापला?” मोठ्या बाईंनी नाव सांगितलं नाही. ऑपरेटरबाईंनी त्या दिवशी जो कानाला खडा लावला, तो पुढे जन्मभर. समोरच्याने ठेवल्याशिवाय त्यांनी कधी फोन ठेवला नाही. क्रेडिट कार्ड घ्या म्हणून गळ्यात पडणाऱ्या मुलींचंसुद्धा त्या शेवटपर्यंत ऐकून घेत. मुलीच कंटाळून ठेवत.

आता दोघी बहिणींनी मिळून एक बेत केला होता. ताईंचे गुडघे गेले होते. बाईंच्या घरच्या अडतीस पायऱ्या त्या दोन वर्षांत चढल्या नव्हत्या. सुनेच्या घरात त्यांना काही त्रास होता असं नाही, पण मन रमत नव्हतं. तेव्हा बाईंची साठवलेली पुंजी आणि ताईंच्या वाट्याला आलेले पैसे एकत्र करून एक तळमजल्याचं घर घ्यायचं, मागे हातभर अंगण, आणि दोघींनी उरलेले दिवस एका छपराखाली काढायचे. घर बघून झालं होतं. पैसे दोघींच्या नावावरच्या एकाच खात्यात ठेवले होते, कुणाही एकीच्या सहीने निघतील असे. ताई म्हणाल्या होत्या, “व्यवहार तू बघ. तुला कुणी फसवणार नाही. तुला माणूस आवाजावरून कळतो.”

आणि ते खरंच होतं. एका ‘हॅलो’वरून बाई सांगायच्या की हा माणूस उभा आहे की बसलेला, बायको शेजारी आहे की नाही, आणि सकाळचे दहा वाजले असले तरी घेतली आहे की नाही. आपल्या कानाचा त्यांना अभिमान होता. आता या अभिमानाचं पुढे काय झालं ते ऐका.

मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. आवाज तरुण, शांत, बसून बोलणाऱ्या माणसाचा. त्याने बाईंचं पूर्ण नाव घेतलं, पत्ता सांगितला, ओळखपत्राचा नंबर धडाधडा म्हणून दाखवला. मग म्हणाला, “तुमच्या नावावर एक दुसरं सिमकार्ड निघालंय. त्यावरून लोकांना धमक्या गेल्यात. गुन्हा नोंदवला आहे. मी तुम्हाला तपास अधिकाऱ्यांना जोडून देतो. लाइनवर राहा.”

जोडून देतो, लाइनवर राहा. हे शब्द बाईंनी स्वतः दिवसातून दोनशे वेळा उच्चारलेले होते. त्या लाइनवर राहिल्या.

दुसरा आवाज आला, तो जाड आणि वयस्कर होता. पण बाईंनी नेहमीच्या सवयीने त्या आवाजाच्या मागे कान लावला. मागे एक मोठी खोली होती. खालच्या आवाजात बोलणारी पंधरा-वीस माणसं, खुर्च्यांच्या चाकांची घरघर, मधूनच फिरत फिरत “चार नंबर, आवाज बारीक” असं म्हणणारं कुणीतरी. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती ती तिथल्या तिथे गप्प झाली. हे ऑफिस खरं होतं. अशा खोलीत त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती, खोट्या खोलीला असा आवाज येत नाही. दुसरी एखादी बाई असती तर तिला त्या कलकलाटात काही ऐकूही आलं नसतं. आपल्या बाईंना सगळं ऐकू आलं, आणि तिथेच घात झाला.

अधिकारी म्हणाला, “वॉरंट तयार आहे. पण तुमचं वय बघून मी तुम्हाला घरातच अटकेत ठेवतोय. चौकशी संपेपर्यंत फोन चालू ठेवायचा. फोन कापलात तर पळून गेलात असं धरू.”

“मी कापणार नाही,” बाई म्हणाल्या. कुणी सांगायची गरजच नव्हती.

“आणि हे गोपनीय आहे. कुणाजवळही बोलायचं नाही.”

“नाही बोलणार.”

असं गिऱ्हाईक त्या लोकांना सात जन्मांत मिळालं नसेल. मेसेजवर शिक्का मारलेला कागद आला, त्यावर बाईंचा फोटो होता. आयुष्यात त्यांनी कधी फुकट कॉलसुद्धा केला नव्हता. अकरा वाजता पडद्यावर ‘ताई’ अशी अक्षरं उमटली. अधिकारी लगेच म्हणाला, “कोणाचा फोन येतोय? बहीण? उचलाल तर त्यांचं नावही यात घ्यावं लागेल.” बाईंनी उचलला नाही. ताईंना यातून बाहेर ठेवायचं, एवढी एकच गोष्ट मग त्यांच्या डोक्यात राहिली.

साडेबाराला त्या बँकेत होत्या. फोन पर्समध्ये, चालूच. पैसे तपासणीसाठी सरकारी खात्यात ठेवायचे, दोन दिवसांत परत मिळतील, असं ठरलं होतं. काउंटरवरच्या मुलीने रक्कम बघून मान वर केली.

“एवढी मोठी रक्कम, आजी? कशासाठी? कुणी फोनवर सांगितलंय का तुम्हाला?”

“घरासाठी,” बाई म्हणाल्या. हे त्यांना पढवलेलं होतं. पण त्यांना ते खोटं वाटलं नाही, कारण पैसे घरासाठीच होते. मुलीने शिक्का मारला. बाईंचा वाटा, म्हणजे खात्यातले अर्धे पैसे, गेला.

दुपारी तीन वाजता अधिकारी म्हणाला, खात्यात अजून रक्कम दिसते, तीही पाठवा.

“ती माझी नाही. ताईची आहे.”

“मग ताईंना बोलावून घेऊ?”

बाई सकाळपासून जेवल्या नव्हत्या. एक घोट पाणी प्यायच्या तेही सांगून. या एका प्रश्नावर मात्र त्या तब्बल अर्धा तास अडून राहिल्या. ताईच्या पैशाला हात लावायचा की ताईला पोलिसांच्या दारात उभं करायचं? चार वाजता बँक बंद होत होती. शेवटी त्या उठल्या आणि चपला घालायला लागल्या.

इकडे ताईंचं वेगळंच चाललं होतं. घराचा दलाल चारला येणार होता, ते सांगायला त्यांनी अकराला फोन केला होता. ‘दुसऱ्या कॉलवर व्यस्त.’ बाराला केला, व्यस्त. दीडला केला, व्यस्त. कुणी दुसरं असतं तर गप्पा मारत असेल म्हणून सोडून दिलं असतं. पण ताईंना आपली धाकटी पक्की ठाऊक होती. फोन ही कामाची वस्तू आहे, असं म्हणून ती दहा मिनिटांच्या वर कुणाशी बोलत नसे, ताई सोडून. आणि ताई तर इथे बसल्या होत्या. दोनला त्यांनी सुनेला म्हटलं, “मला गाडी बोलावून दे.” मुलगा कामावर होता. सून म्हणाली, मी येते. ताई म्हणाल्या, “पोरं शाळेतून येतील, तू घरी थांब.”

अडतीस पायऱ्या. ताई पहिल्या मजल्यापर्यंत कठड्याला धरून चढल्या, आणि पुढच्या चक्क बसून, उलट्या, एकेक पायरी मागे सरकत. मध्ये एक शेजारी भेटला, त्याला वाटलं आजी पडल्या. “पडले नाही, चढतेय,” ताई त्याच्यावरच खेकसल्या. पावणेचारला त्यांनी दार वाजवलं, ते मुठीने नाही, चपलेने.

बाईंनी दार उघडलं. एका पायात चप्पल होती, कानाला फोन.

“कोण आहे फोनवर?” ताईंनी धापा टाकत विचारलं.

बाईंनी तोंडावर बोट ठेवलं.

“कोण आहे म्हणते मी! सकाळपासून? ठेव तो फोन.”

बाई अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्यांनी ठेवला नाही अजून.”

ताईंनी हात पुढे करून तो फोन ओढून घेतला. पलीकडून आवाज येत होता, कोण बोलतंय, कोण आहे तिथे. ताईंना फार कळत नव्हतं, पण लाल बटण कुठलं ते कळत होतं. त्यांनी ते दाबलं. मग भिंतीला टेकून तिथेच उंबरठ्यावर बसल्या, कारण पाय पुढे टाकवेना.

बाई रडल्या नाहीत. त्या फोनकडे बघत उभ्या राहिल्या, जसं काही आता त्यातून काहीतरी बाहेर येईल. काही आलं नाही. पोलीस नाही, वॉरंट नाही. सबंध दिवस ज्या एका गोष्टीला त्या घाबरल्या होत्या ती झाली, आणि काहीच झालं नाही.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “पैसे गेले नाहीत ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

हे खोटं त्या का बोलल्या, ते त्यांना पुढेही नीट सांगता आलं नाही. चोराला घाबरून माणूस खोटं बोलतं ते समजतं, पण चोर गेल्यावर? लाज वाटली, दुसरं काय. जिला माणूस आवाजावरून कळतो, तिला हे कळलं नाही, हे त्या बहिणीला कोणत्या तोंडाने सांगणार होत्या? त्यांनी ताईंच्या गुडघ्यावर बर्फ ठेवला, चहा केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचीच कपबशी हातात असताना एका दमात सांगून टाकलं. ताईंनी बशी खाली ठेवली आणि मुलाला फोन लावला.

भाचा बाईंना सायबर पोलिसांकडे घेऊन गेला. तिथली अधिकारी पस्तिशीची बाई होती, टेबलावर तीन फोन आणि थंड झालेला चहा. तिने आधी खात्यांचे नंबर तपासले, मग मान हलवली. पैसे पहिल्या तासातच सात खात्यांत फुटले होते, तिथून पुढे आणखी कुठे कुठे. एका खात्यात थोडे अडकले होते, साधारण दहावा हिस्सा, तेवढे गोठवता आले. “कालच कळवलं असतंत तर जरा जास्त हाती लागले असते,” ती म्हणाली. ओरडून नव्हे, नेहमीचं सांगतात तसं. बाईंना ते ओरडण्यापेक्षा लागलं.

“काही आठवतंय का त्यांच्याबद्दल?” तिने विचारलं.

मग बाई बोलायला लागल्या. किती आवाज होते, कुणाला सर्दी होती, जाड आवाजाचा माणूस कागद वाचताना कुठे श्वास घ्यायचा, दर तासाला कुठली घंटा वाजायची. अधिकारी लिहिता लिहिता थांबली. “इतकं कुणीच सांगत नाही हो. लोकांना फक्त भीती आठवते.”

“आणि मागचे सगळे एकच वाक्य बोलत होते,” बाई म्हणाल्या. “घाबरू नका, सहकार्य करा. कुणी पुढे, कुणी मागे. मला वाटलं, केवढं मोठं ऑफिस आहे.”

“ऑफिसच असतं ते. पाळ्या असतात, सुपरवायझर असतो. कित्येक पोरांना नोकरी देतो म्हणून फसवून नेलेलं असतं, कागदपत्रं काढून घेतात, सुटता येत नाही.” तिने फाइल मिटली. “एका वेळी वीस-पंचवीस जणांना धरून बसतात.”

बाईंना हे आत्ता कळलं. त्यांनी मागचे वीस आवाज मोजले होते, पण त्या वीस आवाजांच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. वीस घरं. वीस माणसं पाणी प्यायलासुद्धा विचारून उठणारी. बत्तीस वर्षं ज्यांनी दोन्ही टोकांचा विचार केला त्यांना काल एकच टोक ऐकू आलं होतं.

तळमजल्याचं घर दुसऱ्याच कुणीतरी घेतलं. अर्ध्या पैशांत अर्धं घर मिळत नाही. ताई मात्र परत गेल्याच नाहीत. त्या दिवशी गुडघा असा सुजला की डॉक्टरांनी महिनाभर जिना उतरायला बंदी केली. महिना झाला तरी उतरवेना. मग मुलाने त्यांचे कपडे आणि औषधं आणून दिली. तर असा दोघींचा एकत्र राहायचा बेत तडीस गेला, फक्त अडतीस पायऱ्या वर. ताईंना अंगण हवं होतं, त्यांना खिडकीतल्या चार कुंड्या मिळाल्या. त्या म्हणायच्या, “आता खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावरच.” बाईंना या विनोदावर हसू यायचं नाही.

पैशाचं एक वेळ सोसलं असतं. पण बाईंनी फोन उचलणं बंद केलं. वाजला की त्या स्वयंपाकघरात जायच्या आणि नळ सोडायच्या. लाँड्रीवाल्याने कपडे तयार आहेत म्हणून सांगायला केला, उचलला नाही. पोलिसांतल्या बाईने केला, तो भाच्याला घ्यावा लागला. बोलणंही कमी झालं. ज्या बाईचं सारं आयुष्य ‘हॅलो’ म्हणण्यात गेलं, तिच्या तोंडून तो शब्द दीड महिन्यात ऐकू आला नाही. गल्लीत कुणीतरी म्हणालं, एवढ्या शिकल्यासवरलेल्या बाई, कशा फसल्या? बैल गेला आणि झोपा केला, असं सांगणारे तर रोज भेटत.

ताई हे सगळं पलंगावरून बघत होत्या. एके दिवशी संध्याकाळी सात वाजता बाहेरच्या खोलीत बाईंचा फोन वाजला. बाई नळाकडे निघाल्या. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. बाईंनी लांबूनच पडद्याकडे बघितलं. ‘ताई’ असं लिहिलं होतं.

“अगं, तू आतच आहेस ना?” त्यांनी ओरडून विचारलं.

“आत आहे म्हणून काय झालं? सात वाजले,” आतून आवाज आला. “उचल.”

त्या दिवशी त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ताई रोज सात वाजले की फोन करायच्या. पाचव्या दिवशी बाईंनी ओला हात पदराला पुसला आणि फोन कानाला लावला.

“हॅलो.”

“काय केलंस भाजीला?”

“तुझ्यासमोरच तर चिरली.”

“तरी सांग.”

बाईंनी सांगितलं. मग ताईंनी सुनेचं सांगितलं, दोन्ही बाजूंनी, म्हणजे एकदा फोनमधून आणि एकदा दारातून, ऐकू येत होतं. बोलता बोलता पंधरा मिनिटं झाली. मग ताई म्हणाल्या, “बरं, ठेव आता.”

“तू ठेव,” बाईंच्या तोंडून आपसूक गेलं.

“नाही.” ताईंचा आवाज बदलला. “माझे पाय गेले, धाकटे. पुढच्या वेळी मला पायऱ्या चढून येता येणार नाही. तूच ठेवायला शीक. मी बोलत असताना ठेव. मी काही मरत नाही.”

बाईंना इस्पितळाशी बोलणारा तो माणूस आठवला. कुणी कापला, असं विचारणारा. त्यांचा अंगठा लाल बटणावर तसाच थांबला. ताई मुद्दाम बोलतच राहिल्या, उशी टणक झालीय, कुंडीला पाणी घातलंस का, डॉक्टर मेला काय समजतो स्वतःला. वाक्य अर्धवट असताना बाईंनी डोळे मिटले आणि बटण दाबलं.

घर एकदम शांत झालं.

“परत,” ताई आतून म्हणाल्या, आणि फोन पुन्हा वाजायला लागला.